उकळून आणलेला नमुना

शहापूरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी कामाला होतो, तेव्हा किन्हवलीकडच्या एका ग्रामपंचायतीचा म्हातारा शिपाई दर महिन्याला यायचा. चपला बाहेर काढायचा आणि गावच्या विहिरीच्या पाण्याची बाटली दोन्ही हातांनी, तीर्थ द्यावं तशी, माझ्या टेबलावर ठेवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्याच्या गावात जुलाबाची साथ, आणि नमुना मात्र दर वेळी स्वच्छ. आम्हाला आमच्याच तपासणीची शंका यायला लागली. शेवटी मी विचारलं, "पाणी भरता कुठून?"

"हिरीतनंच. मंग घरी उकळून, फडक्यानं गाळून आनतो," तो म्हणाला. "तुमी पिनार, साहेब. तुमाला तसलं पानी कसं द्यायचं?"

आम्ही पाणी पीत नाही, त्यातले जंतू शोधतो, हे मी त्याला नीट समजावलं. त्यानं मान डोलावली.

पुढच्या महिन्यात त्यानं दोन बाटल्या ठेवल्या. "ही हिरीची, तपासाला. ही उकळलेली, तुमाला प्यायला."

पहिलीत जंतू निघाले. विहिरीत जंतुनाशक पावडर पडली, साथ थांबली. दोन बाटल्या मात्र येतच राहिल्या.

दुसरी आम्ही कधीच तपासली नाही. सगळे मिळून पिऊन टाकायचो.