माईकचा लाल स्पंज

सरांच्या घरच्या स्टुडिओत माझं गाऊन झालं की त्यांच्या बायको, वहिनी, आत यायच्या. माईकवरचा लाल स्पंज टिश्यू पेपरात धरून काढायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत टाकायच्या आणि पिशवी बाहेर व्हरांड्यात मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला अडकवायच्या. मग माईकवर काळा स्पंज चढवायच्या आणि त्यांच्या भाच्याला म्हणायच्या, "ये रे, झालं त्याचं."

मी तिथंच उभा असायचो. घाम पुसत. आणि माझी छाती फुगायची. खरंच फुगायची. बाकी सगळ्यांना मिळून एक काळा स्पंज, आणि माझ्या एकट्यासाठी वेगळा. मोठ्या गायकांचं सामान वेगळं असतं असं कुठंतरी ऐकलं होतं. मला वाटलं, चला, आपणही त्या पंगतीत बसलो.

आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मी निपाणीकडच्या एका खेड्यातला. मांगवाड्यातला. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आप्पा हलगी वाजवायचे. वरातीपुढं हलगी, जत्रेत हलगी, तिरडीपुढं हलगी. गावाला आप्पांशिवाय लग्न लावता येत नव्हतं आणि आप्पांना गावाच्या पंगतीत बसता येत नव्हतं. आयटीआय झाल्यावर मी बेळगावला आलो. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाला, लागलो आणि मच्छे गावात भाड्याची खोली घेतली. आमचं आडनाव बऱ्याच जातींत सापडतं. ते ऐकून घरमालकानं पुढं काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

रॅप मला मोबाईलनं दिला. जेवणाच्या सुट्टीत वाळूच्या ढिगाला टेकून बघत बसायचो. त्यात एक अमेरिकेतला पोरगा सापडला, आईबाप मेक्सिकोतनं आलेले. घरात स्पॅनिश, कचेरीत इंग्रजी. बाप दुसऱ्यांच्या बागा साफ करणारा. तो दोन्ही भाषा एकाच ओळीत कालवायचा आणि गाण्याच्या सुरुवातीलाच आपल्या वस्तीचं नाव घ्यायचा. मला स्पॅनिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. खालची अक्षरं वाचून अर्थ लावायचो. पण त्याची मान कळत होती. वस्तीचं नाव घेताना ती खाली जात नव्हती. आमचंही तसंच की, घरात मराठी, बसमध्ये कन्नड, साहेबापुढं मोडकी इंग्रजी. फरक एवढाच की वस्तीचं नाव आलं की माझी जीभ अडखळायची. म्हणून मी तेच लिहायला घेतलं.

"मांगवाड्यातनं आलोय, नाव लपवत न्हाय,
बाप हलगी वाजवतोय, मान वाकवत न्हाय."

हे माझं पहिलं गाणं. पहिलं आणि तेव्हा एकुलतं एक. मध्ये कन्नडचे तुकडे, फाउंड्रीचा जाळ, आईच्या हातांना येणारा तंबाखूचा वास. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, मग कामगारांचा कार्यक्रम. तिथं मी त्यातलं मधलं कडवं म्हटलं. वस्तीची ओळ तेव्हाही गिळली. मालकांचे एक मित्र पाहुणे म्हणून आले होते. शहरातल्या जुन्या वकिली घराण्यातले, पण स्वतः गाण्याबजावण्यात रमलेले. सगळे त्यांना सर म्हणायचे. ते मला मिठी मारून म्हणाले, "सीमाभागाला असाच आवाज हवा होता. रविवारी घरी ये."

घर मोठं, अंगणात पेरूचं झाड, वरच्या खोलीत स्टुडिओ. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, विचारलं, "आडनाव काय?" सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. "गावात घर कुठल्या बाजूला? वडील काय करतात?" मी म्हटलं, "हलगी वाजवतात." "अरे वा, लोककला," म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढच्या रविवारी माईकवर लाल स्पंज होता.

सरांनी गाणं ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "फक्त एक बारीकसा बदल. मांगवाडा काढ. सीमेवरनं आलोय, असं कर. गाणं सगळ्यांचं होईल. हल्ली जातपात कोण पाळतं, उगीच आपण कशाला उकरायचं?"

मी काढला. मुकाट्यानं काढला. मला गाणं बाहेर यायला हवं होतं. फाउंड्रीतल्या जाळापासून मला कुणी वर काढणार असेल तर ती दोरी हीच, असं मी धरून बसलो होतो.

मग सरांना गाण्यात खरी हलगी पाहिजे झाली. मी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा धुवट धोतर नेसून, हलगी कापडात गुंडाळून, संकेश्वरावरनं बसनं आले. सर म्हणाले, "हलगीचा आवाज बंद खोलीत फाटतो. मोकळ्यावर घेऊ." आप्पांना अंगणात पेरूखाली बसवलं. वाजवायच्या आधी हलगी शेकावी लागते. कातडं तापून ताणलं की मग ती बोलते. आप्पांनी वाळका पाला, पुठ्ठे गोळा करून जाळ केला. वहिनी गॅलरीतनं म्हणाल्या, "धूर कपड्यांना लागतोय हो, जरा लांब घ्या." आप्पांनी जाळ विझवला आणि फाटकाशी जाऊन पुन्हा पेटवला. माईकची वायर तिथपर्यंत ओढली. आप्पांनी जे वाजवलं ते ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. सर म्हणाले, "अस्सल." आप्पांना घरात कुणी बोलावलं नाही. चहा फाटकापाशीच आला, कागदी कपातनं.

मला त्यातलं काही दिसलं नाही. मी दुसऱ्याच नशेत होतो. आप्पांना व्हरांड्याच्या पायरीपाशी नेलं आणि खिळ्याकडं बोट दाखवलं.

"आप्पा, ह्यो माझा. माईकचा स्पंज. बाकी सगळ्यांचा एक, माझा एकट्याचा वेगळा."

आप्पा बघत राहिले. "सगळ्यांचा बी भाईरच ठेवत्यात व्हय?"

"न्हाय, त्यो आत असतोय. कपाटात."

आप्पांनी मान हलवली. आम्ही बस स्टँडवर आलो. गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आपल्या गावच्या हाटेलात कप असायचा. आमचा. मागच्या वळचणीला, खिळ्याला. लई जपायचे त्यो कप. दुसऱ्या कुनी चुकून घिऊ ने म्हणून."

मी भडकलो. त्या हॉटेलवाल्यावर नाही, वहिनींवर नाही. बापावर. चार माणसांत ओरडलो, "तुमास्नी सगळीकडं जातच दिसतीया. ती शिकल्याली माणसं हाईत."

आप्पा शांतपणे म्हणाले, "व्हय की. शिकल्याली हाईत म्हणून तर पिशवीत घातलाय."

गाडी आली. ते गेले. मी त्या बाकावर बसून राहिलो आणि एकेक गोष्ट माझ्या पुढ्यात येऊन पडू लागली. कागदी कप. फाटक. धूर. भाचाही रॅपच करतो, त्याचीही थुंकी उडते, तो काळ्या स्पंजावर गातो. वहिनी टिश्यूनं धरतात. त्या पिशवीची मला किळस आली, आणि ती अभिमानानं बापाला दाखवणाऱ्या माझी त्याहून जास्त.

पुढच्या रविवारी गेलो. मनात अजूनही एक लाचार आशा होती की आप्पा चुकले असतील. कपाट उघडलं, काळा स्पंज काढला आणि स्वतःच्या हातानं माईकवर चढवला. काचेपलीकडं सर बसले होते. वहिनी धावत आत आल्या.

"अरे, तो नको. तो सगळ्यांचा आहे."

हेच शब्द. आवाज गोड. चेहऱ्यावर राग नाही, तिरस्कार नाही. पोळी करपतेय, गॅस बारीक करा, असं सांगावं तसं. सर काचेपलीकडनं बघत होते आणि सगळं त्यांना हेडफोनमधनं ऐकू येत होतं. ते माईकवरनं म्हणाले, "अरे, छोट्या गोष्टीत अडकू नकोस. तू कलाकार आहेस. मोठा विचार कर."

मी काळा स्पंजही काढला. टेबलावर ठेवला. उघड्या माईकच्या जाळीला ओठ लावले आणि म्हटलं. मांगवाड्यातनं आलोय, नाव लपवत न्हाय. काढलेली ओळ जिथली तिथं. शब्द न शब्द. पूर्वी तिथं माझी जीभ अडखळायची, त्या दिवशी अडखळली नाही. पहिल्याच कडव्यात सरांनी कानावरचे हेडफोन काढले. मी थांबलो नाही. गाणं संपवलं.

सर म्हणाले, "हे मी रेकॉर्ड केलेलं नाही. आणि तो माईक परदेशी आहे, असा तोंडात घालायचा नसतो."

"मग माझं गाणं न्हाय मिळणार तुमास्नी," मी म्हणालो. पायऱ्या उतरलो. चप्पल घालून अंगणात आलो आणि वर बघितलं. खिडकीतनं स्टुडिओ दिसत होता. वहिनी कापसाच्या बोळ्यानं माईक पुसत होत्या. दाबून, फिरवून, कोपरा न कोपरा. मी फाटकाबाहेर पडेपर्यंतसुद्धा त्यांना धीर धरवला नाही.

इथं माझी गोष्ट संपली असती तर मी फुशारक्या मारत हिंडलो असतो. पण माझं गाणं त्यांना मिळणार नाही, हे म्हणणारा मी कोण? बदललेलं गाणं आधीच रेकॉर्ड होऊन त्यांच्याकडंच होतं.

काही आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरचा पोरगा मोबाईल घेऊन आला. "लई भारी गाणं आलंय बघ. बेळगावचंच हाय." लावलं. भाचा. अंगात फाटका बनियन, तोंडाला काजळी फासलेली, गळ्यात नवी कोरी हलगी. उद्यमबागेच्या रस्त्यावर, मग उसाच्या फडात. सीमेवरनं आलोय, नाव लपवत न्हाय. बाप हलगी वाजवतोय, मान वाकवत न्हाय. त्याचा बाप वकील. माझ्या आईच्या हातांचा वास त्याच्या तोंडात. आणि खाली हलगी आप्पांची. फाटकाशी जाळ करून शेकलेली. आप्पांचं नाव कुठंच नव्हतं, माझंही नव्हतं. पोरगा म्हणाला, "कसलं खरं वाटतंय न्हाय?" मी म्हटलं, "व्हय." डबा झाकला आणि मशीनकडं गेलो.

गाणं चाललं. रिक्षात, रसवंतीवर, गणपतीत. आणि माझ्या गावापर्यंत पोचलं.

मी सुट्टीला गेलो होतो. पाटलांच्या घरची वरात होती. आप्पा पुढं. नाचणारी पोरं प्यालेली. त्यातला एक आप्पांना म्हणाला, "ए, त्या नव्या गाण्यातलं वाजव की." आप्पांनी वाजवलं. त्यांचंच होतं, वाजणारच. पोरानं मोबाईल आप्पांच्या कानाला लावला. "नीट ऐक. गाण्यात कसं वाजवलंय बघ. तसं न्हाय येत तुला."

सगळे हसले. आप्पाही हसले. मान खाली घालून म्हणाले, "न्हाय जमत मालक. म्हातारा झालोय." आणि पुन्हा वाजवायला लागले.

मान वाकवत न्हाय. ती ओळ मी लिहिली होती. ती खोटी होती. मी वरातीत घुसलो आणि आप्पांच्या हातातली हलगी काढून घेतली. वरात थांबली. "ही हलगी ह्यांचीच हाय गाण्यात. आन गाणं माझं हाय," मी म्हणालो. नवऱ्याचा चुलता म्हणाला, "वाजवायचं सोडून गाणी रचाय लागला व्हय मांगवाडा?" दोघांनी मला गटाराच्या कडेला ढकललं. आप्पा त्यांच्यापुढं हात जोडत होते. मी उठलो, ते जोडलेले हात सोडवले आणि त्यांना घेऊन घरी आलो. ती वरात हलगीशिवाय गेली. त्यानंतर गावातलं एकही काम आप्पांना आलं नाही. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

त्या आठवड्यात मी नवं गाणं लिहिलं. मच्छेच्या बस स्टॉपवर, कामाची पाळी सुटते तेव्हा, उभा राहून म्हटलं. कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ते घरमालकाच्या पोरानं बघितलं. दुसऱ्या दिवशी घरमालक दारात आला. "खोली रिकामी करा. आधी सांगायला पायजे हुतं." सामान काय, एक ट्रंक आणि गादी. आता कामावरच्या एकाच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. त्याला माझी जात माहीत आहे.

बस स्टॉपवर रोज उभा राहतो. काहीजण ऐकतात, काही पहिली ओळ ऐकून पाठ फिरवतात. फिरवू देत. सरांचा मध्ये निरोप आला होता, झालं गेलं विसर, पुढच्या गाण्यात तुलाही घेऊ. उत्तर दिलं नाही.

उत्तर गाण्यात आहे. पहिल्या ओळीत मांगवाडा आहे. दुसरीत आप्पांचं नाव, आडनावासकट. तिसऱ्या ओळीत सर, तुम्ही आहात. वहिनीही आहेत. गल्लीसकट, घराच्या नावासकट. तुमचं नाव मी गाण्यातनं काढून टाकणार नाही. आणि हे गाणं सगळ्यांचं होईपर्यंत मी थांबणार नाही.