गुणगुणीची यादी

त्या मे महिन्यात माझ्या चार याद्या चालू होत्या. पहिली कॉलेजच्या प्रयोगशाळेची, कारण सुट्टीत भिंगं, मीटर आणि तारांची मोजदाद मलाच करायची होती. दुसरी पाण्याची: नळ कोणत्या दिवशी आला आणि किती वेळ चालला. तिसरी पेट्यांची: कोणत्या गावची पेटी घरात पडून आहे. चौथी गुणगुणीची. पहिल्या तीन केव्हाच रद्दीत गेल्या. चौथी अजून ट्रंकेत आहे आणि ती बाहेर काढायचा मला कंटाळा येतो.

परभणीत आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळायचे आणि माझा नवरा हार्मोनियम जुळवायचा. घरात मी त्यांना ‘हे’ म्हणायचे, इथेही तसंच लिहिते. बाहेरच्या खोलीत चटई टाकून हे बसायचे. मांडीवर पेटीची फळी, हातात बारीक कानस. पेटीच्या आत पितळी पट्ट्या असतात, त्या थरथरल्या की सूर निघतो. पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, बुडाला घासली की उतरतो. एका सुराला दोन पट्ट्या असल्या तर त्या तंतोतंत जुळाव्या लागतात, नाहीतर आवाजात लाटा उठतात. ह्यांच्या भाषेत पेटी ‘भांडायला’ लागते. किती घासायचं हे फक्त कान सांगतो. घासलेलं पितळ परत येत नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आमच्या समाजाच्या गायन पार्ट्यांच्या पेट्या यायच्या, सप्त्याच्या आधी खेड्यांतल्या भजनी मंडळांच्या. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीनंतर वर्षभर खेड्यांतली एकही पेटी आली नव्हती. मग एकेक येऊ लागली. आणणारे आधी दारातच उभे राहायचे, मग ओट्यावर बसायला लागले, मग चहा घ्यायला लागले. ह्यांनी कधी त्यावर भाषण केलं नाही. “त्यांना जुळलेली पेटी पायजे,” एवढंच म्हणायचे. ह्यांचा कान हे आमच्या घराचं दार होतं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

मी सांगतेय तो विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ मस्कतहून आला. त्याने सीडी प्लेअर आणला आणि सोबत एका डब्याचं सुटं सामान. मॅग्नेटिक टेपवर आवाजाचा ठसा असतो, पण सीडीवर नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायला एक परिवर्तक लागतो. प्लेअरमधल्या परिवर्तकापेक्षा हा वेगळा डबा चांगला, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तो जोडायला त्याच्याकडे वेळ नव्हता, म्हणून सामान माझ्या टेबलावर ठेवून तो परत गेला. मी चार रविवार कथिलाचे डाग देत बसले आणि डबा तयार झाला. आमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला. पहिल्यांदा वाजला तेव्हा हे कानस खाली ठेवून ऐकत राहिले.

“आकड्यातून सूर निघतोय म्हणा की,” हे म्हणाले. “मंग आमी काय करावं आता?”

“तुम्ही पेट्या जुळवा,” मी म्हणाले. “हा डबा भजनाला कोणी नेत नाही.”

आठवड्याभराने ह्यांनी सांगितलं की डबा गुणगुणतो. गाणं बंद असलं तरी मागे बारीक ‘घूं’ आवाज येतो. मला येत नव्हता. शेजारणीला बोलावून विचारलं, तिलाही येत नव्हता. हे हसून म्हणाले, “तुमचे कान कुकरच्या शिट्ट्या ऐकून गेलेत.” मी विषय सोडून दिला. पण जयंतीच्या दोन दिवस आधी, जुळवून दिलेली एक पेटी बेसूर म्हणून परत आली, जयंती झाल्यावर दुसरी. तिसरी बोरीच्या भजनी मंडळाची. ती घेऊन एक म्हातारे बाबा एसटीने आले. पेटी उपरण्यात बांधलेली.

“मिस्त्री,” बाबा ओट्यावर टेकत म्हणाले, “ही पेटी भांडायलीय. आमच्या मंडळात माणसं भांडत्यात ते पुरं हाय, आता पेटीबी.”

ह्यांनी पेटी वाजवून पाहिली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला सुराचा कान नाही, पण त्या पांढऱ्या चारच्या सुरावरच्या लाटा मलासुद्धा कळल्या. ह्यांना कळल्या नाहीत. हे पुन्हापुन्हा तोच सूर दाबत होते. शेवटी म्हणाले, “ठिवून जा बाबा. पंधरा दिवसांनी या.”

बाबा गेल्यावर हे माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या डब्यामुळं हाय हे. बंद केला तरी त्याचा ‘घूं’ कानात बसून ऱ्हायतो, मंग सूर धरता येत न्हाई. तू तुझ्या शाळेतलं यंत्र आण अन् मोज. डबा खोटा निघाला की फेकून दे. कान आपोआप साफ होतो.”

मी कॉलेजात काम करत होते, पण ह्यांच्या लेखी ती कायम शाळाच राहिली. मी हो म्हणाले. त्या वेळी मनापासून वाटत होतं की डबा खोटा निघावा. मी स्वतः डाग दिलेला, चार रविवार घातलेला डबा. तरीही.

सुट्टीत उपकरण घरी न्यायला नोंदवहीत सही लागते. मी सही केली, सीआरओ सायकलरिक्षात मांडीवर धरून घरी आणला. हिरव्या पडद्यावर आवाजाची रेघ दाखवणारं ते यंत्र टेबलावर ठेवल्यावर जेवणाला जागा उरली नाही, आम्ही जमिनीवर जेवायला लागलो. भावाने चाचणीची एक सीडी पाठवली होती. तिच्यात गाणी नव्हती, नुसते ठरावीक सूर: जाड, मध्यम, बारीक, अगदी बारीक. शेवटचा भाग पूर्ण शांततेचा. आधी मी एकेक सूर वाजवून डब्यातून किती बाहेर येतं ते मोजलं. सगळे जवळपास सारखे आले. मग शांततेचा भाग लावला. आकडे शून्य, म्हणजे रेघ सपाट हवी.

रेघ सपाट नव्हती. तिच्यावर बारीक लहरी होत्या, भिंतीतल्या विजेच्याच चालीच्या. मी मोजलं: आठ मिलिव्होल्ट.

“बघा,” मी म्हणाले. “आहे.”

हे पडद्याजवळ वाकले. बराच वेळ बघत राहिले. “मी म्हणलं न्हवतं?” एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी स्वतः उठून चहा केला.

एका वाचनावर मी कशावरच विश्वास ठेवत नाही. जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानावर मी रकाने आखले. तारीख, वेळ, यंत्राचं शून्य, शांततेतली गुणगुण, आणि शेवटचा रकाना: ‘ह्यांना ऐकू येते का’. त्यात हे स्वतः लिहायचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रोज तीन वेळा. मेच्या दुपारी पत्र्याखाली पंखा बंद करून बसायचं, कारण पंखा वाचनात येतो. घाम टपटप कागदावर पडायचा. मोजून झालं की मी तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटायचे. हे विचारायचे, “झालं का आजचं?” मी म्हणायचे, “अजून दोन राहिलेत.” प्रयोगशाळेत हेच, घरीही हेच. त्या वर्षी मी सत्तेचाळीसची होते आणि काहीही मोजायचा मला वीट आला होता.

पण यादी बोलते. आठवडाभराने रकाने बघताना दिसलं की गुणगुण रोज सारखी नाही. कधी आठ, कधी नऊ, आणि मधेच दोन किंवा तीन. पाण्याची यादी शेजारी ठेवली तेव्हा कळलं. नळ तीन दिवसांआड यायचा आणि त्याच दिवशी धुणं व्हायचं. धुण्याच्या दगडाचं पाणी परसात वाहत जाऊन एका कोपऱ्यात मुरायचं. त्या कोपऱ्यात आमच्या घराच्या अर्थिंगचा खड्डा होता, कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरलेला. उन्हाळ्यात तो वाळला की डबा गुणगुणायचा, भिजला की गप्प व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या. प्यायच्या पाण्यातल्या नाही, भांडी विसळलेल्या. तासाभराने रेघ सपाट झाली. यंत्राच्या शून्याइतकीच सपाट. डब्यात काही खोट नव्हती, खोट कोरड्या मातीत होती आणि ती दोन बादल्यांत गेली. मला इतकं हलकं वाटलं की मी यादीत त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. असं मी सहसा करत नाही.

हे आले, बसले, ऐकलं. पेन घेऊन शेवटच्या रकान्यात लिहिलं: हाय.

संध्याकाळी पुन्हा दोन बादल्या. रेघ सपाट. रकान्यात: हाय. दुसऱ्या दिवशी तेच. मी पाठीमागची पानं चाळली. गुणगुण नऊ होती तेव्हा हाय, दोन होती तेव्हाही हाय. त्या रकान्यात दुसरा शब्दच नव्हता.

तेव्हा मला माझी चूक समजली. ही चूक मी दरवर्षी मुलांच्या जर्नलमध्ये लाल पेनाने दाखवायचे. कोणतंही मोजमाप करण्याआधी शून्याचं वाचन घ्यायचं, म्हणजे मोजायची वस्तूच नसताना यंत्र काय दाखवतं ते बघायचं. सीआरओचं शून्य मी रोज तीन वेळा बघत होते. माणसाचं एकदाही बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याची पिन काढली. ॲम्प्लिफायरचीही काढली. स्पीकरची तार सोडवली. वर धूळ बसू नये म्हणून नेहमी असायचा तो टॉवेल टाकला, आणि ह्यांना हाक मारली.

हे टॉवेलकडे बघत बसले. मान थोडी तिरकी, पेटी ऐकताना असायची तशी. परसात कोणी नव्हतं, गल्लीत गाडी नव्हती. मग लिहिलं: हाय. आणि मला म्हणाले, “आज बारीक हाय, पण हाय.”

“बरं,” मी म्हणाले, आणि बाकीचे रकाने भरले. यंत्राचं शून्य: शून्य. गुणगुण: डबा बंद. खोटं लिहायची सवय नव्हती, आणि नवी सवय लावून घ्यायची ताकद नव्हती. यादी खिळ्याला लावली आणि स्वयंपाकघरात गेले. पीठ मळायला घेतलं.

हे याद्या वाचत नसत. त्या दिवशी वाचली. कदाचित माझ्या ‘बरं’मुळे. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले, हातात तो कागद.

“आज डबा बंद व्हता?”

“हो.”

“पिन काढून?”

“हो. तारसुद्धा सोडली होती.”

“मंग माझं शून्य चुकलेलं हाय.” हे म्हणाले. “तू पोरांना सांगतीस ना, शून्य चुकलं तर काय करायचं?”

“सगळ्या वाचनांतून वजा करायचं,” मी म्हणाले.

“मंग डबा चांगला हाय,” हे म्हणाले. “तुझे डाग पक्के हायेत.” कागद माझ्या पिठाच्या हातात देऊन हे बाहेर गेले.

दुपारभर बाहेरच्या खोलीतून पेटीचा आवाज आला नाही. मी डॉक्टरकडे जायचं म्हणाले, हे हो म्हणाले, आणि आम्ही गेलोही. डॉक्टरांनी थेंब दिले, वयाचं सांगितलं. जे मला आधीच कागदावर दिसत होतं, तेच त्यांनी बोलून दाखवलं.

पंधरा दिवसांनी बोरीचे बाबा आले. हे ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. मी चहा घेऊन दारात होते.

“बाबा, पेटी तशीच ठिवलीय. हात लावला न्हाई.”

“का बरं?”

“माझ्या कानात आवाज येतोय. बाहेरचा न्हाई, आतलाच. मोजून बघितला. आता मी घासलं तर पट्टी वाया जाईल. नांदेडला न्या.”

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. “मिस्त्री, नांदेडला कोण वळखतंय आमाला? अन् आमच्या मंडळात कोणाला कान हाय? टाळ जोरात वाजवितो, झालं.”

“टाळानं झाकू नका,” हे म्हणाले. “न्या.”

बाबांनी चहा संपवला. मग पेटी उपरण्यात बांधली. जाताना म्हणाले, “सप्त्याला या. जुळवायला नका येऊ, बसायला या.” हे त्या वर्षी गेले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.

बाकीच्या सात पेट्या जूनपर्यंत एकेक करून परत गेल्या. तिसरी यादी संपली. मी सीआरओ परत नेऊन दिला, नोंदवहीत सही केली. टेबल मोकळं झालं, तरी काही दिवस आम्ही जमिनीवरच जेवत होतो.

डबा नंतर अनेक वर्षं चालला. हे त्याच्यावर फारसं काही ऐकत नसत. पण रोज सकाळी भांडी विसळलेल्या पाण्याची बादली घेऊन परसातल्या त्या कोपऱ्यात जायचे, पावसाळ्यात माती चिखल झालेली असली तरीही. मी एकदा म्हणाले, आता भिजवायची काय गरज आहे. हे बादली ओतत म्हणाले, “डब्याची गुणगुण तरी जाऊ दे.”