खुलासे रांगेत आहेत

आमच्या शाळेत नवा प्रिंटर आला तेव्हा तो नवा नव्हता. संस्थेच्या परभणीच्या कार्यालयात त्याने बरीच वर्षं काढली होती. तिथे दुसरा घेतला, म्हणून हा आमच्या वाट्याला आला. आमचं हायस्कूल जिंतूरच्या पुढे, रस्त्याला लागून. मी तिथे कनिष्ठ लिपिक. माझ्यावर बडे बाबू, म्हणजे मुख्य लिपिक. आणि आम्हा दोघांवर मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक. ते निवृत्तीला आले होते आणि तोवर कुणाशी वाकडं येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

प्रिंटरसोबत एक सीडी आली. बडे बाबूंनी ती जडवस्तू नोंदवहीत चढवली, पाकिटात घातली, पाकिटाच्या तोंडावर सही केली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी मागायला गेले.

"तिच्यात ड्रायव्हर हाय," ते म्हणाले. "हरवला तर जबाबदारी कोनाची?"

"तो कॉम्प्युटरमध्ये टाकल्याशिवाय प्रिंटर चालणार नाही, बाबू."

"ताई, गाडी उभी असली की ड्रायव्हर खालीच बसतो."

मी त्यांना समजावलं की हा गाडीचा ड्रायव्हर नव्हे, दुभाष्या आहे. कॉम्प्युटरची भाषा एक, प्रिंटरची दुसरी, आणि मधे हा. त्यांनी ऐकून घेतलं आणि लेखी अर्ज द्यायला सांगितलं. मी दिला. दोन दिवसांनी मंजूर झाला. सीडी लावली तर ती आमच्या कॉम्प्युटरच्या आजोबांच्या वेळची निघाली. "हा प्रोग्रॅम या यंत्रावर चालणार नाही," एवढंच स्क्रीनवर आलं. बाबूंनी सीडी परत पाकिटात घातली आणि पुन्हा सही केली.

मग मी नेटवर शोधायला लागले. प्रिंटरच्या तोंडावर एक नंबर होता. त्या नंबराचे चार प्रिंटर निघाले, फक्त शेवटची अक्षरं वेगळी. मी अंदाजाने एक ड्रायव्हर उतरवला आणि प्रिंट दिली. पहिल्या पानावर वर एक ओळ आली: चौकोन, टोप्या, उलटे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या पानावर तशीच एक ओळ. मग तिसऱ्या. ट्रेमधला कागद संपेपर्यंत तो थांबला नाही, आणि मला तो थांबवता आला नाही. बडे बाबूंनी एक पान उचलून उजेडात धरलं.

"मोडी हाय का ही?"

मी म्हणाले, तसंच काहीतरी असेल.

शेवटी प्रिंटर भिंतीपासून ओढून मागचा चिकटवलेला कागद वाचला, तेव्हा नंबराची खरी शेपटी कळली. त्या शेपटीचेही दोन ड्रायव्हर होते, आणि प्रत्येकाचे परत दोन, एक जुन्या कॉम्प्युटरसाठी, एक नव्यासाठी. एकाने पानाऐवजी पान कसं छापायचं याच्या सूचनाच छापल्या. दुसऱ्याने इंग्रजी स्वच्छ काढलं, पण मराठीत वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि 'मुख्याध्यापक' अर्धाच राहिला. बडे बाबू म्हणाले, मोठे सर बघून नाराज होतील. ड्रायव्हरच्या आतल्या आत, तिसऱ्या खिडकीत, अक्षरं चित्र म्हणून पाठवायची एक खूण होती. ती केली आणि सगळ्या वेलांट्या आपापल्या घरी आल्या. या सगळ्याला चार दिवस लागले. पहिलं बिनचूक निघालेलं चाचणीचं पान बडे बाबूंनी माझ्या हातातून घेतलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि फाइलला लावलं.

तिथून पुढे माझ्या अंगात खोडी शिरली. दोष बडे बाबूंच्या खुलाशांचा.

कुणी पाच मिनिटं उशिरा आलं, कुणी हजेरीवर सही करायचं विसरलं, की बाबू त्याला खुलासा मागणारं पत्र काढायचे. 'आपणांस कळविण्यात येते की' पासून सुरुवात आणि 'तीन दिवसांच्या आत' वर शेवट. प्रिंटर नव्हता तेव्हा हे हाताने लिहावं लागायचं, म्हणून आठवड्याला एखादं निघायचं. आता ते दोन बोटांनी टाइप करायला शिकले आणि रोजचं एक व्हायला लागलं. सर्वात जास्त पत्रं विज्ञानाच्या मॅडमना. त्या परभणीहून एसटीने यायच्या, आणि एसटी काही बडे बाबूंच्या ताब्यात नव्हती.

पहिले काही खुलासे आपोआपच अडकले. कागदाच्या आकारात बाबूंना लेटर, लीगल आणि ए-फोर अशी नावं दिसली. त्यांनी आपल्या अनुभवाने निवड केली: साधं पत्र असेल तर लेटर, आणि खुलासा कायद्याची गोष्ट म्हणून लीगल. प्रिंटरमध्ये ए-फोरशिवाय कागद नव्हता. तो नारिंगी दिवा लावून लीगल कागदाची वाट बघत बसायचा. मी जाऊन बटण दाबायची आणि सोडवायची.

एके दिवशी मी बटण दाबलंच नाही.

प्रिंटर शेजारच्या रेकॉर्डच्या खोलीत होता. बाबू आपल्या टेबलावरून प्रिंट द्यायचे. कागद उचलायचा, मोठ्या सरांची सही घ्यायची आणि ज्याचं त्याला द्यायचं, हे काम माझं होतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "खुलाशाचं काय झालं?"

"रांगेत आहे, बाबू."

"रांगेत?"

"प्रिंटरची रांग असते. नंबर आला की निघतं."

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. आयुष्य त्यांनी कचेऱ्यांमध्ये काढलं होतं. रांग म्हटली की त्यांचा विश्वास बसायचा. आणि मी खोटं बोलले नव्हते.

पण दर वेळी दिवा पेटवून ठेवला तर बाकीची कामंही अडायची. म्हणून मी तोच प्रिंटर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांदा बसवला. तोच ड्रायव्हर, दुसरं नाव. एकाचं नाव ठेवलं 'साधं', दुसऱ्याचं 'खुलासा'. दुसऱ्यावर 'ऑफलाइन' अशी खूण केली. म्हणजे त्यावर दिलेलं पत्र जायचं, जमा व्हायचं, आणि बसून राहायचं. त्याचा कागदही कायमचा ए-फोर केला. तेवढं काम मी प्रामाणिकपणे केलं. बाबूंना सांगितलं, तुमच्या पत्रांसाठी स्वतंत्र सोय केली आहे. ते खूश झाले. त्यांच्यासाठी स्वतंत्र सोय आजवर कुणी केली नव्हती.

हे फक्त विज्ञानाच्या मॅडमना माहीत होतं. त्या रोज येऊन हळूच विचारायच्या, "माझी किती झाली?" मी आकडा सांगायची. सोयाबीन काढणी उरकेपर्यंत त्या एकट्या सतरावर होत्या. मोठे सर तर सुखी होते. सहीला खुलासा येत नव्हता आणि का येत नाही हे विचारण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. माझ्या नावाचीही तीन पत्रं आत होती. ती जमा होताना बघून मला विशेष आनंद झाला होता.

मग पूर्णेला माझ्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. माझं माहेर पूर्णेचं, वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. मी चार दिवसांची रजा टाकली. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पांढऱ्या साडीत उभी, भन्तेजी आलेले, सगळे वंदनेला उठायच्या तयारीत, आणि फोन वाजला. मी बाहेर गॅलरीत गेले.

"ताई, एक खुलासा काढला," बडे बाबू म्हणाले. "तुमी न्हाईत म्हणून मीच आनायला गेलो. कागद न्हाई तिथं."

"रांगेत असेल, बाबू."

"तेच बघायलोय. तुमी त्या दिवशी दाखवलं होतं ना, नावावर उजवं बटण. खिडकी उघडली. लय मोठी रांग हाय ताई. आन् वर एका ठिकाणी बरोबरची खूण हाय. ऑफलाइन. ती काढू का?"

आत त्रिशरण सुरू झालं होतं. मी म्हणाले, "नका काढू, मी आल्यावर बघते."

"काढली," ते म्हणाले.

फोनमधून शेजारच्या खोलीतला आवाज मला ऐकू आला. आधी गुरगुर, मग कागद ओढल्याचा, मग एकामागून एक. तो प्रिंटर मी इतका नीट बसवला होता की एकही कागद अडकला नाही. बाबू उठून तिकडे गेले असावेत. आवाज जवळ आला. ते एकेक पान वाचायला लागले. विज्ञानाच्या मॅडम. विज्ञानाच्या मॅडम. हिंदीचे सर. विज्ञानाच्या मॅडम. प्रत्येक नावानंतर तारीख. मी फोन कानाला लावून उभी. आतून आई खुणेने बोलावत होती.

"हे तुमचं हाय," ते म्हणाले. मग, "हेही." मग ते सावकाश म्हणाले, "आन् हे शिफारशीचं."

"कसली शिफारस?"

"संस्थेनं परभणीला पंधरा दिवसांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण ठेवलं होतं. प्रत्येक शाळेतून एक नाव मागितलं होतं. मी तुमचं धाडलं. महत्त्वाचे कागद मी ह्याच्यावरच द्यायचो. रांगेतून निघून संस्थेच्या टपालात गेलं असंल असं समजलो."

मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली. मुदत जाऊन महिना झाला होता.

वंदनेत मी जाऊन उभी राहिले खरी, पण हात जोडलेले आणि कान तापलेले. नाव मागितल्याचं मला ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणासाठी मी दोन वर्षं मोठ्या सरांच्या मागे लागले होते. ते 'बघू' म्हणायचे. बघितलं होतं ते बडे बाबूंनी, आणि ते मी स्वतः बसवलेल्या ड्रायव्हरने गिळलं होतं.

रजा संपवून गेले तेव्हा बाबूंच्या टेबलावर एकेचाळीस पत्रं तारखेप्रमाणे लावलेली होती. त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. आपणांस कळविण्यात येते की. तीन दिवसांच्या आत.

मी खुलासा लिहिला, खरा. दोन ड्रायव्हर, दोन नावं, कोणती खूण कुठे आणि कशासाठी, सगळं. खाली लिहिलं की यात विज्ञानाच्या मॅडमचा काही दोष नाही. त्यांनी फक्त आकडा विचारला. बाबूंनी तो दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी मला कॉम्प्युटरजवळ बोलावलं.

"हे वाक्य कळलं न्हाई. दुसऱ्यांदा बसवला म्हणजे कसा बसवला? करून दाखवा."

मी करून दाखवलं. त्यांनी स्वतः करून बघितलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. नव्या प्रिंटरला नाव काय द्यायचं म्हणून मी विचारलं तर त्यांनी विचार करून 'मोठे सर' टाइप केलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांना तोंडावर हात ठेवून हसताना पाहिलं.

एकेचाळीसपैकी एकही पत्र त्यांनी वाटलं नाही. म्हणाले, तारखा जुन्या झाल्या, आता काढली तर उशीर का झाला याचा खुलासा मला द्यावा लागंल. माझ्या खुलाशावर मात्र मोठ्या सरांची सही घेतली, 'समज दिली' असा शेरा मारला आणि फाइलला लावला. मॅडम पुढच्या आठवड्यात पुन्हा उशिरा आल्या, तेव्हा बाबूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि एसटी कुठे बंद पडली ते विचारलं.

प्रशिक्षणाला त्या वर्षी बाकीच्या शाळांचे बाबू गेले. परत आल्यावर त्यांच्यातल्या एकाचा मला फोन आला: प्रमाणपत्र मिळालं, पण मराठीतल्या वेलांट्या जागेवर येईनात. मी सांगितलं. तिसरी खिडकी, अक्षरं चित्र म्हणून पाठवा. त्यांनी आभार मानले. मी विचारलं, तिथे जेवण कसं होतं. ते म्हणाले, रोज वरणभात, शेवटच्या दिवशी मात्र गुलाबजाम, नको म्हणेपर्यंत वाढत होते.

प्रशिक्षण हुकल्याचं दुःख एव्हाना मी सोसलं होतं. गुलाबजामांचं ऐकून मात्र जीव हळहळला.