भंडाऱ्याची शपथ

अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येक आईला मी ठणकावून सांगते, लेकराला मोबाइल दाखवून घास भरवू नका. भिंतीवर तसा कागदही मीच चिकटवलाय. माझी स्वतःची लेक मात्र चार वर्षांची होईपर्यंत मोबाइलशिवाय घास गिळत नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच. हे गावात कुणाला कळलं नाही, कारण आमचं घर अणदूरपासून किलोमीटरभर आत, शेतात आहे. तिथं कोण काय दाखवून जेवू घालतं हे बघायला कुणी येत नाही.

घरात आम्ही चौघं. मी, हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणारा माझा नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांना साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. दिवसा आम्ही दोघं बाहेर, म्हणून त्यांच्यासाठी घरात एक फोन ठेवलेला. दादांना त्यातलं हिरवं बटण तेवढं कळायचं. बाकी सगळा फोन लेकीचा.

तो सोडवायला मी काय काय केलं. ज्वारीच्या पोत्यात लपवला, तर दादांनी तो शोधायला तिलाच लावलं. पासवर्ड घातला, तर तिनं माझं बोट बघून पाठ केला. चार्जर अंगणवाडीत घेऊन गेले, तर फोन बंद पडला आणि दिवसभर दादांच्या काळजीनं माझाच जीव टांगणीला लागला. ओरडले, एकदा हातही उचलला. ती रडायची, मग मला कीव यायची, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग एका रविवारी दुपारी मी शेंगा फोडत बसले होते आणि ती बाजेवर पडून गेम खेळत होती. फोनमधून एका बाप्याचा आवाज आला. मराठीच, अगदी गोड. घरी कोण कोण असतं, असं तो विचारत होता. खेळता खेळता माझ्या लेकीनं सांगितलं, शाळा सुटली की मी अन् दादा असतो, दादा झोपत्यात. त्यानं गाव विचारलं तेव्हा मी फोन हिसकावून घेतला.

मी फोन बंद करून टाकला. लेक म्हणाली, तो गेममधला मित्र आहे, चांगला आहे, खेळायला गेममधले हिरे देतो. मी दाराला आतून कडी घातली. भर दुपारी. बाहेर बांधापर्यंत चिटपाखरू नव्हतं आणि तेच मला भिववत होतं. नवऱ्यानं संध्याकाळी गेम काढून टाकला, मिटलं म्हणाला. त्याचं मिटलं, माझं मिटेना. अंगणवाडीत पोरांची वजनं घेताना एखादी गाडी आमच्या शेताच्या वाटेला वळली की मी वजनकाटा सोडून दारात जाऊन बघायचे.

त्या वेळी तिच्याजवळ बसून बोलायला हवं होतं, हे मला आज कळतं. अनोळखी माणूस गोड का बोलतो, हे तिला सांगायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाला सबुरी कुठली. मी तिला आंघोळ घालून देव्हाऱ्यापुढं उभं केलं.

आमच्याकडे खंडोबाचा भंडारा हातात घेऊन कुणी शपथ घेतली की ती मोडत नाहीत. बांधाची भांडणं त्यावर मिटतात. खोटं बोलणारा मोठा माणूससुद्धा भंडारा उचल म्हटलं की मागं सरतो. तो मी नऊ वर्षांच्या पोरीच्या तळहातावर ठेवला. आईनं हातात दिल्याबिगर फोनला शिवणार न्हाय, असं तिच्याकडून म्हणवून घेतलं. तेवढ्यानं माझं समाधान होईना.

"शिवलीस तर तुझी आय मरंल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मूठ घट्ट मिटली. दादा बाजेवरून म्हणाले, लेकराला असली शपथ घालू नये. दादांपुढं मी कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी तुम्ही यात पडू नका म्हणून मोकळी झाले.

उपाय मात्र असा लागू पडला की मी चार बायांपुढं मिरवलं. फोन फळीवर असायचा आणि लेक त्या भिंतीपासून हातभर लांबून चालायची. वाजला तर दादांना हलवून उठवायची. मला वाटलं, पोरीला वळण लागलं.

एप्रिल आला, शाळा सकाळची झाली. एक दिवस दुपारी मी अंगणवाडीत रजिस्टर भरत होते, तर लेक दारात. अनवाणी, तोंड लालबुंद, श्वास छातीत मावत नव्हता.

"आई, दादा उठंनात," ती म्हणाली.

मी रजिस्टर तसंच टाकलं. नवऱ्याला फोन लावला आणि पुढच्या घरातल्या पोराच्या मोटारसायकलवर लेकीला मधे घेऊन बसले. किलोमीटरभर वाट, पण ती संपेना. दादा बाजेवर वाकडे पडले होते, घामानं सदरा भिजलेला, डोळे अर्धे उघडे. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि भाकरी तशीच झाकलेली. मी हाक मारली तेव्हा हूं म्हणाले. डोकं मांडीवर घेऊन चमच्या चमच्यानं साखरेचं पाणी पाजलं. बरंचसं हनुवटीवरून गेलं, थोडं गिळलं. नवरा जीप घेऊन आला.

दवाखान्यात दादा शुद्धीवर आले. साखर फार उतरली होती, थोडा आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं, ही उन्हात पळत का आली? फोन तर तिथंच फळीवर होता. लेक बाकड्यावर बसली होती, तळपाय भाजून फोड आलेले.

मी तिला विचारलं, बाळा, फोन का केला न्हाईस?

"दोनदा हात पुढं केला," ती म्हणाली. "मग तू मेली असतीस."

मी फरशीवर बसून तिचे तळपाय मांडीवर घेतले. एका बाजूला आजोबा आणि दुसऱ्या बाजूला आई, असा तराजू मी तिच्या हातात दिला होता. त्या गेममधल्या माणसाला मी भ्याले होते. पण त्यानं तिला कधी एवढं भिववलं नव्हतं.

दादा घरी आल्यावर मी त्यांचे पाय धरले. ते रागावले नाहीत. लेकीला जवळ बोलावून तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि शपथ सुटली म्हणाले. मग माझ्याकडं वळले.

"आपला खंडोबा एकच, काही म्हैने अणदूरला ऱ्हातो, अन् काही दिस नळदुर्गाला," ते म्हणाले. "दोन गावं बसून करार करत्यात, दिस ठरवत्यात. देवाचंबी बोलून ठरतंय. तू पोरीसंगं का बोलली न्हाईस?"

त्या संध्याकाळी आम्ही वहीच्या पानावर करार लिहिला. लेकीनं तिच्या अक्षरात. जेवताना फोन नाही, माझाही नाही, हे कलम तिचं. गेम आई किंवा बाबा शेजारी असतील तेव्हाच. कुणी अनोळखी बोललं तर लगेच सांगायचं आणि आईनं ओरडायचं नाही. दादांसाठी फोन कधीही. खाली चौघांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोरांना खिचडी वाढत होते. फोन वाजला. घरचा नंबर. पळी हातातून सुटली, दादा गेले असंच मला वाटलं. उचलला तर पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता.

"काय झालं गं? दादा बरे हायत का?"

"दादा जेवत्यात," लेक हळूच म्हणाली. "म्या फोन हातात घेतलाय. तू बरी हाईस का?"