जेव म्हणणं

कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचा वास आला की एरंडोलजवळच्या शेतातली आमची भरीत पार्टी आठवते. तिथे मी मोबाइलवर आजोबांना एक जपानी ॲनिमे दाखवत होते. त्यातल्या बेटावर राजा नाही, कर नाही, जो तो आपला मालक. "आबा, कोणी कोणावर हुकूम सोडायचाच नाही!" "भारी शे," आबा म्हणाले, "आता कांद्याची पात चिर." "हा हुकूमच झाला!" मी जागची हलले नाही. त्यांनी स्वतःच पात चिरली. पंगत बसली, पण एरवी आग्रह करकरून वाढणारे आबा मला 'बस'सुद्धा म्हणाले नाहीत. मी रडवेली झाले, तेव्हा म्हणाले, "जेव कसं सांगू? तो बी हुकूमच शे ना?" ते चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. आता पुण्यात एकटी राहते. जेव म्हणणारं कोणी नाही. ते बेट हेच का?