जगात एकमेव उखाणा

आता हसणारच असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडंल!

आमच्या नांदेडच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यांची स्पर्धा असते. बक्षीस कुकर. अट एकच, उखाणा स्वतः रचलेला पाहिजे. शेजारची सरूबाई दरसाली जिंकते. यंदा म्हटलं, कुकरच्या शिट्ट्या आपल्याच घरात वाजणार!

मेथी निवडता निवडता उखाणा सुचला बी. पण लई ओळखीचा वाटून राहिला. आधीच कुणी रचला असला तर? लातूरला शिकणाऱ्या लेकीला फोन लावला.

"आई, मोबाइलवर अख्खी ओळ अवतरण चिन्हात टाकून शोध. जशीच्या तशी कुठं असली तरच दिसंल."

चष्मा लावला, पूर्ण उखाणा टाकला, दोन्हीकडं चिन्हं दिली. काय आलं? काहीच न्हाई! अख्ख्या जगात न्हाई! मग माझ्या पोटात राहतंय होय? दारोदार सांगून आले, "माझा उखाणा एकमेव हाय. मोबाइलनंच सांगितलं!"

स्पर्धेच्या दिवशी पदर खोचून उभी राहिले.

"अंगणात तुळस, तुळशीला पाणी, व्यंकटराव माझे राजे..."

पुढचं मला म्हणूच दिलं न्हाई हो! सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या, "मी त्यांची राणी!" मग प्रत्येकीनं आपापल्या नवऱ्याचं नाव घालून तोच उखाणा ऐकवला. कुणाचे माधवराव राजे, कुणाचे गंगाधरराव!

"अगं, पण मी शोधलं होतं!"

सरूबाई म्हणाली, "ताई, शोधताना नाव कुणाचं टाकलं?"

"कुणाचं म्हंजे? आमच्या ह्यांचं! दुसरीच्या नवऱ्याचं टाकू का?"

"मग व्यंकटरावांना राजा तुमच्याशिवाय कोण म्हणंल वो?"

हसून हसून बायांच्या हातातले तिळगूळ सांडले. कुकर गेला सरूबाईकडं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, समजूत घालतील. हे मोबाइल घेऊन बसले.

"काय शोधून राहिले?"

"व्यंकटरावांची बायको उखाण्यात फसली. अवतरण चिन्हात टाकलं."

"मग?"

"काहीच न्हाई. येणार कुठून? गल्लीच्या बातम्या पसरवणारी आज घरात तोंड लपवून बसली हाय!"