लिथियमचे स्फटिक मी वाढवले होते

जांबोटीजवळच्या आमच्या गावातून भौतिकशास्त्र शिकलेली मीच पहिली. ऐंशीच्या सुमारास बेळगावात संशोधनाला लागले, तेव्हा आईनं विचारलं, "खड्यात काय हलतंय गं, ते बघत बसतीस?"

हलतं तेच बघायचं होतं. लिथियमच्या क्षाराचा स्फटिक दिसायला घट्ट, पण तापवला की आतले आयन जागा सोडून उड्या मारायला लागतात. अणुकेंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या एनएमआर यंत्राच्या चुंबकात तो ठेवला की आलेखावर एक रेषा उमटते. थंड असताना ती रुंद असते, आयन हलू लागले की अरुंद होत जाते.

चुंबकाचे ध्रुव उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओतून आणले होते. स्फटिक मी वाढवायची. दार आपटलं तरी भांड्यात नको तिथं खडे धरायचे, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रयोगशाळेत बेळगावच्या कॅम्प भागातली एक मुलगी मला सीनियर होती. मी तिला आक्का म्हणायची. रेषा पहिल्यांदा अरुंद झाली तेव्हा तिनंच मला मिठी मारली. "जमलं की गं तुला!"

मग घरच्यांनी माझं लग्न ठरवलं. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगून मी गावी गेले. परत आले, तर विभागात आक्काचं व्याख्यान चाललेलं. पडद्यावर माझा आलेख होता. माझं नाव कुठंच नव्हतं. सर पहिल्या रांगेत मान डोलावत होते.

मी उभी राहिले. "हे स्फटिक कुणी वाढवले?"

आक्कानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "विषयाला धरून विचारा."

नंतर खोलीत त्यांनी मला बसवलं. "तुझं आता लग्न होणार. तिला नोकरीसाठी हे लागतंय. काम वाया जाण्यापेक्षा बरं, नाही का?" इतक्या मायेनं बोलले की क्षणभर मलाच माझं चुकल्यासारखं वाटलं.

आक्का जिन्यात थांबली होती. "मला वाटलं, सरांनी तुला विचारलं असंल."

"तू का न्हाय विचारलंस?"

ती जिना उतरून गेली.

मी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे गेले आणि सोडियमच्या क्षारावर नव्यानं सुरुवात केली. नवऱ्यानं एकदाही आडकाठी केली नाही. पदवी मिळाली, निपाणीच्या कॉलेजात नोकरीही लागली. तोवर आक्का प्राध्यापक झालेली. एकदा बसस्टँडवर भेटली. गाडी लागेपर्यंत मुलांच्या शाळेबद्दल बोलत राहिली. मी हूं हूं करत ऐकलं. राग तेव्हाही होता, आजही आहे.